आधी जागा, मग माणूस : बॅकग्राउंड बदललेला फोटो खरा कसा वाटेल?

फोटोतला माणूस कापून वेगळा करणं हे आता काम उरलेलंच नाही. मोबाइलच्या स्क्रीनवर बोट दाबून धरलं की माणूस सुटा होतो. ज्या कटिंगसाठी स्टुडिओतला पोरगा पेन टूल घेऊन अख्खी दुपार बसायचा, ते आता एका क्षणात होतं. तरीही लग्नाच्या अल्बमात, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, प्री-वेडिंगच्या फोटोंत असा फोटो आला की बघणारा लगेच म्हणतो, "हा चिकटवलाय." काय चुकलंय हे त्याला सांगता येत नाही. कडा स्वच्छ असतात, केस नीट सुटलेले असतात, तरी फोटो खोटा वाटतो तो वाटतोच.

बहुतेक वेळा दोष उजेडाचा असतो. माणसावर एका ठिकाणचा उजेड आणि मागे दिसते ती भलत्याच उजेडातली जागा. हे नंतर कॉम्प्युटरवर थोडंफार सावरता येतं, पण थोडंफारच. म्हणून माझा आग्रह असतो की आधी बॅकग्राउंड ठरवा, ते नीट वाचा, आणि मग त्या जागेला साजेल अशा उजेडात माणसाचा फोटो काढा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नेमकं उलट चालतं. आधी स्टुडिओत नेहमीच्या दोन लाइट लावून फोटो काढतात आणि मग गिऱ्हाईक म्हणेल ते मागे टाकतात.

मरीन ड्राइव्हची संध्याकाळ घ्या. समुद्र पश्चिमेला, सूर्य तिकडेच कलतो. समुद्राकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या माणसावर ऊन मागून येतं. त्याचा चेहरा असतो शहराकडे, त्यामुळे त्यावर पडतो तो पूर्वेच्या आकाशाचा आणि समोरच्या इमारतींवरून परतून आलेला मवाळ उजेड. खरोखर तिथे जाऊन फोटो काढलात तर केसांच्या आणि खांद्याच्या कडेला नारिंगी रेघ दिसेल, कानाची पाळी आरपार लालसर उजळलेली असेल, चेहरा मागच्या आकाशापेक्षा बराच गडद येईल आणि नाकाची सावली जवळजवळ नसेलच.

आता स्टुडिओतला फोटो बघा. समोरून, जरा बाजूने सॉफ्टबॉक्स (फ्लॅशवर चढवलेली, पुढे पांढरं कापड असलेली पेटी), चेहरा लख्ख, नाकाची सावली एका गालावर, केसांची कड काळीभोर. हा चेहरा मावळत्या सूर्यापुढे ठेवला तर बघणाऱ्याला मागे एक सूर्य दिसतो आणि चेहऱ्यावर दुसराच. मग रंग कितीही जुळवा, उपयोग होत नाही.

हाच फोटो त्या संध्याकाळसाठी म्हणून काढायचा असेल तर मुख्य फ्लॅश माणसाच्या मागे जातो. बॅकग्राउंडमध्ये सूर्य डावीकडे असेल तर मागे डावीकडे, आणि सूर्य खाली उतरलेला असल्यामुळे फार उंच नाही, साधारण डोक्याच्या पातळीला. त्यावर नारिंगी सीटीओ जेल, म्हणजे उजेड नारिंगी करणारा पारदर्शक रंगीत कागद, लावायचं. पूर्ण ताकदीचं सीटीओ ५५०० केल्विनचा फ्लॅश साधारण २९०० ते ३२०० केल्विनवर आणतं (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप : आकडा कमी तितका उजेड पिवळट, जास्त तितका निळसर). समोरून मोठ्ठा सॉफ्टबॉक्स, नाहीतर पांढऱ्या भिंतीवर मारून परतवलेला फ्लॅश, तोही कमी ताकदीचा. चेहरा आकाशापेक्षा एखाद-दीड स्टॉप खाली राहू द्या. एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा. चेहरा जरा काळोखा येतोय म्हणून गिऱ्हाईक कुरकुर करेल, पण तेवढा काळोख ठेवला तरच मागचं आकाश पेटल्यासारखं दिसतं.

दिशेनंतर येते उजेडाची धार. काही सावल्या सुरीने कापल्यासारख्या असतात, काही विरघळलेल्या. हे ठरतं उजेड देणारी वस्तू माणसाच्या जागेवरून किती मोठी दिसते यावर. सूर्य प्रचंड आहे, पण पंधरा कोटी किलोमीटर लांब आहे, म्हणून आपल्याला तो आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो. ९० सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स एक मीटरवर ठेवला तर तो जवळजवळ ४८ अंश व्यापतो. म्हणजे चेहऱ्याच्या दृष्टीने तो सूर्यापेक्षा सुमारे नव्वद पट रुंद झाला. असा फोटो भर दुपारच्या रायगडावर कधीच बसणार नाही. सॉफ्टबॉक्सच्या फोटोला पावसाळी ढगाळ दिवस शोभतो, व्हरांडा शोभतो, मोठी खिडकी शोभते. उन्हाचाच आभास हवा असेल तर फ्लॅशवरचं कापड काढून टाका आणि जमेल तितका लांब न्या. चार-पाच मीटरवरचा उघडा फ्लॅश उन्हाची बऱ्यापैकी नक्कल करतो.

रंगाचंही असंच. साध्या पिवळ्या बल्बचा उजेड २७०० ते ३००० केल्विनच्या आसपास असतो, दुपारचं ऊन साडेपाच हजारांच्या घरात, आणि निळ्या आकाशाखालच्या सावलीतला उजेड सात-आठ हजारांपर्यंत जातो. हे आकडे पाठ करायची गरज नाही. एवढं लक्षात ठेवा की एकाच फोटोत दोन रंगांचा उजेड असतो : उन्हातला भाग पिवळसर, सावलीतला भाग निळसर. पूर्ण माणसावर एकच नारिंगी फिल्टर ओतला तर सावल्यासुद्धा नारिंगी होतात, आणि तिथेच बिंग फुटतं. उजळ भागाला वेगळा रंग द्या, गडद भागाला वेगळा.

त्यातही जागा आपला रंग माणसाला लावते. कोकणात जांभ्याच्या चिऱ्यांच्या अंगणात किंवा लाल मातीच्या वाटेवर भर उन्हात कुणाला उभं करा. हनुवटीच्या खाली, पांढऱ्या सदऱ्याच्या घडीत, हाताच्या आतल्या बाजूला तांबूस झाक दिसते. श्रावणात भाताच्या खाचराच्या बांधावर हीच झाक हिरवी होते. बॅकग्राउंडमधल्या जमिनीचा रंग घेऊन अगदी पुसट ब्रशने हनुवटीखाली आणि कपड्यांच्या खालच्या घड्यांत फिरवला, तर इतर दहा करामतींपेक्षा जास्त फरक पडतो. माझ्या मते हे सगळ्यात दुर्लक्षित काम आहे. वेळ लागतो पाच मिनिटं, पण माणूस त्या मातीवर उभा असल्यासारखा वाटायला लागतो.

जागेचा उजेड वाचायचा कसा? सिनेमावाले यासाठी चकचकीत धातूचा गोळा आणि करडा गोळा वापरतात. कॉम्प्युटर ग्राफिक्सचे संशोधक पॉल डिबेवेक यांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं की अशा आरसेगोळ्याचे वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो काढले, की त्या जागेतला सगळा उजेड मोजून घेता येतो आणि कॉम्प्युटरवर बनवलेल्या वस्तूवर तसाच पाडता येतो. आपल्याला एवढं मोजमाप नको. बॅकग्राउंडचा फोटो काढायला जाल तेव्हा एक चकचकीत स्टीलची वाटी आणि टेबल टेनिसचा पांढरा चेंडू बरोबर न्या. जिथे माणूस उभा करायचा आहे तिथे वाटी पालथी धरा आणि एक फोटो घ्या. सूर्य कुठे, आकाश कुठे, भिंत कुठली उजळलेली, सगळं वाटीत दिसतं. मग चेंडू धरा. त्याची कुठली बाजू उजळ, कुठली गडद, उजेडाची कड किती मवाळ, गडद बाजूला कुठला रंग चढलाय हे कळतं. पुढे स्टुडिओत तोच चेंडू माणसाच्या हनुवटीजवळ धरून लाइट इकडे-तिकडे सरकवा. दोन्ही चेंडू सारखे दिसले की फोटो काढा.

बॅकग्राउंड आयतं, कुठून तरी घेतलेलं असेल तर चेंडू नाही, पण खुणा असतातच. विजेच्या खांबाची सावली, झाडाचं खोड, मागे उभे असलेले लोक. खांबाची लांबी आणि त्याच्या सावलीची लांबी सारखी असेल तर सूर्य ४५ अंशांवर आहे. याला ऋतूचीही जोड द्या. मे महिन्याच्या मध्यावर पुण्या-मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो, भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्याच पायात जाते. डिसेंबरच्या शेवटी पुण्यात भरदुपारीसुद्धा सूर्य ४८ अंशांच्या वर चढत नाही, म्हणून सावली जवळपास माणसाच्या उंचीएवढी पडते. हिवाळ्यातल्या किल्ल्याच्या फोटोवर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडलेला, मे महिन्याच्या दुपारचा चेहरा बसत नाही, तो यामुळे.

डोळ्यांची एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. बुबुळावर उजेडाचं प्रतिबिंब पडतं. चेहरा जवळून दिसत असेल तर त्यात स्टुडिओची छत्री किंवा सॉफ्टबॉक्सचा चौकोन स्पष्ट दिसतो. मोकळ्या माळावर उभ्या असलेल्या बाईच्या डोळ्यांत पांढरा चौकोन कुठून येणार? खोटे फोटो ओळखण्याच्या शास्त्रात हानी फरीद यांचं नाव मोठं आहे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने डोळ्यांतल्या या ठिपक्यांवरून उजेडाची दिशा काढायची पद्धतच मांडली आहे. चौकोन पुसून टाकू नका, डोळे निर्जीव होतात. त्याचा आकार मवाळ करा आणि आकाश जिथे असेल तिकडे, म्हणजे बहुधा बुबुळाच्या वरच्या भागात, सरकवा.

याच फरीद यांच्या कामातून दिलासा देणारी एक गोष्टही पुढे आली. सावल्या भूमितीच्या दृष्टीने बरोबर आहेत की नाहीत, हे माणसाच्या नजरेला फारसं ओळखता येत नाही. सावलीचा कोन पाच-दहा अंशांनी हुकला तर सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पण सावलीच नसेल, किंवा पायाखाली काळोख नसेल, तर ते लगेच खटकतं. म्हणून मेहनत कुठे घ्यायची हे आधी ठरवा.

पायाखालची सावली दोन वेगळ्या थरांत करा. पहिली टेकण्याची सावली : तळवा जमिनीला लागतो तिथली बारीक, फोटोतली जवळजवळ सगळ्यात गडद रेघ. ढगाळ दिवशीसुद्धा ती असते आणि तिच्याशिवाय माणूस तरंगतो. दुसरी उन्हाची लांब सावली. ती काळ्या रंगाने रंगवू नका. बॅकग्राउंडमध्ये आधीच पडलेल्या एखाद्या सावलीतून रंग उचला, सावलीचा लेयर (थर) मल्टिप्लायवर, म्हणजे खालचा रंग गडद करणाऱ्या पद्धतीवर, ठेवा आणि त्या जुन्या सावलीइतकीच गडद करा. आणि सगळ्या सावलीला सारखा ब्लर देऊ नका. सूर्य अर्ध्या अंशाचा असल्यामुळे पायाजवळ सावलीची कड धारदार असते आणि लांब जाईल तशी ती मऊ होत जाते. सूर्य ४५ अंशांवर असताना डोक्याच्या सावलीची कड जमिनीवर दोन-तीन सेंटीमीटर पसरलेली असते. एवढा चढता ब्लर दिला की सावली जमिनीवर बसते. गवत असेल तर चपलेच्या पुढे चार पाती आणा, वाळू असेल तर टाच किंचित बुडवा.

हे सगळं जड वाटत असेल तर छातीपर्यंतचा फोटो घ्या. पायच नाहीत तर पायाखालची सावलीही नाही. नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी.

कॅमेऱ्याची उंची हा तिसरा मोठा विषय, आणि यात गणित अगदी सोपं आहे. सपाट जमिनीवर कॅमेरा दीड मीटर उंचीवर सरळ धरला असेल तर क्षितिजाची रेघ तिथल्या प्रत्येक उभ्या माणसाला जमिनीपासून दीड मीटरवरच छेदते, माणूस जवळ असो की लांब. मागे समुद्र असला की ही रेघ उघड दिसते. आता पूर्ण उंचीचा फोटो स्टुडिओत बहुधा कमरेच्या उंचीवरून काढतात, आणि बॅकग्राउंड उभ्याने डोळ्याजवळ मोबाइल धरून काढलेलं असतं. कमरेची पातळी क्षितिजाला लावली तर माणूस आजूबाजूच्या लोकांच्या दीडपट होतो. आकार बरोबर केला तर माणूस खालून बघितलेला आणि जागा वरून बघितलेली, असं होतं. दोन्ही वेळा कॅमेरा एकाच उंचीवर ठेवणं हाच खरा उपाय. उंची टेपने मोजून लिहून ठेवा.

अंतराचंही तसंच. फोटोतला दृष्टिकोन लेन्स बदलल्याने बदलत नाही, अंतर बदलल्याने बदलतो. १.६ मीटर उंचीवरचा कॅमेरा तीन मीटरवरच्या माणसाचे पाय सुमारे २८ अंश वरून बघतो, त्यामुळे बुटांचा वरचा भाग भरपूर दिसतो. तोच माणूस दहा मीटरवर असेल तर हा कोन फक्त नऊ अंशांचा होतो आणि बूट जवळजवळ समोरून दिसतात. तीन मीटरवरून काढलेला माणूस लहान करून दहा मीटर लांब उभा केला तर तो पुढे कलल्यासारखा वाटतो. कुणाला कारण सापडत नाही, पण खटकतं.

आता कडा. छातीपर्यंतच्या फोटोत समजा एक मीटर उंचीचा भाग सहा हजार पिक्सेलमध्ये मावतो. म्हणजे एक पिक्सेल ०.१७ मिलिमीटरचा. डोक्याचा केस असतो ०.१ मिलिमीटरहूनही बारीक. याचा अर्थ सुटा केस ज्या पिक्सेलवर पडतो, त्या पिक्सेलमध्ये केसाचा रंग आणि मागच्या पडद्याचा रंग मिसळलेला असतोच. कटिंग कितीही उत्तम झालं तरी हा मिसळलेला जुना रंग बरोबर येतो. पांढऱ्या पडद्यावर काढलेला फोटो रात्रीच्या रस्त्यावर ठेवला की केसांभोवती पांढरं वलय दिसतं ते यामुळे. जाळीदार ओढणी, चष्म्याच्या काचा, गजऱ्यातल्या फटी, सगळीकडे हेच. मास्कमधलं (माणूस सुटा करणाऱ्या निवडीतलं) रंग शुद्ध करण्याचं साधन, म्हणजे डीकंटॅमिनेट, हा जुना रंग काढून आतला रंग बाहेर पसरवतं. त्याहून चांगलं म्हणजे पडदाच विचार करून निवडणं. संध्याकाळच्या किंवा घरातल्या दृश्यासाठी मध्यम करडा पडदा जवळजवळ कधीच दगा देत नाही. हिरवा पडदा व्हिडिओसाठी ठेवा. फोटोत तो गालांवर आणि पांढऱ्या कपड्यांवर हिरवट झाक सोडतो आणि ती काढताना त्वचेचा रंग मरतो.

शिवाय बॅकग्राउंड खूप उजळ असेल तर खऱ्या फोटोत तो उजेड कडेवर थोडा सांडतो. बॅकग्राउंडची एक भरपूर ब्लर केलेली प्रत माणसाच्या वर ठेवून, ती फक्त कडेच्या आतल्या अरुंद पट्ट्यात पुसट दिसू दिली, की माणूस त्या हवेत मिसळतो. पट्टा रुंद झाला तर माणूस धुरकट होतो, तेव्हा हात आवरता घ्या.

मागची जागा धूसर करायची तर पायाखालची जमीन स्पष्ट राहिली पाहिजे आणि धूसरपणा मागे जाईल तसा वाढला पाहिजे. शेवटी ग्रेन (फोटोतला बारीक दाणेदारपणा) आणि तीक्ष्णपणा दोन्हीकडे सारखा करा. आणि सगळ्यात वर एक कृष्णधवल लेयर टाकून बघा : रंग गेले की उजेडाची विसंगती लगेच दिसते. मग तो काढून रंगांची तीव्रता मुद्दाम दुप्पट करा, तेव्हा रंगाची विसंगती दिसते.

ही विद्या नवी नाही. अमेरिकन यादवीतल्या जनरल ग्रँट यांचा घोड्यावर बसलेला, मागे छावणी पसरलेली, असा एक प्रसिद्ध फोटो आहे. लेव्हिन हँडी या छायाचित्रकाराने १९०२ मध्ये तो स्वतःच्या नावे नोंदवला. प्रत्यक्षात तो तीन फोटोंचा जोड आहे. डोकं ग्रँट यांच्या १८६४ मधल्या फोटोतलं, घोडा आणि धड दुसऱ्याच एका जनरलचं, आणि मागची माणसं म्हणजे फिशर्स हिलच्या लढाईत पकडलेले युद्धकैदी. तिन्ही फोटो उघड्यावर, दिवसाउजेडी काढलेले होते. जोड इतका पचला त्यात याचा वाटा मोठा असला पाहिजे.

आता एआय. २०२३ मध्ये फोटोशॉपमध्ये जनरेटिव्ह फिल आलं आणि रंग जुळवणं, सावली पाडणं यातलं बरंच काम आपोआप व्हायला लागलं. रंग जुळवायला ही साधनं खरोखर चांगली आहेत, जरूर वापरा. चेहऱ्यावरचा उजेड फिरवून देणारी साधनंही आहेत, पण ती चेहरा नव्याने रंगवतात. पापणीची घडी बदलते, तीळ जातो, हसणं वेगळं होतं. अनोळखी मॉडेलच्या फोटोत हे चालेल. घरच्या माणसाच्या फोटोत चालवून घेऊ नये.

कारण आपल्याकडे या कामातली सगळ्यात नाजूक मागणी वेगळीच असते : लग्नाच्या ग्रुप फोटोत वारलेल्या आजोबांना उभं करा. इथे माणसाचा फोटो पुन्हा काढता येत नाही, म्हणून क्रम उलटा होतो. आजोबांवरचा उजेड वाचायचा आणि त्याला जुळणारा ग्रुप फोटो निवडायचा. जुने फोटो बहुधा कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने काढलेले असतात. चेहरा सपाट, सावली थेट मागे. अशा फोटोला मंगल कार्यालयातल्या स्टेजवरचा, समोरून फ्लॅश मारलेला फोटो फार छान जुळतो. बागेतला संध्याकाळचा, सुंदर असला तरी जुळत नाही. घरच्यांना बागेतलाच हवा असतो. त्यांना दोन्ही करून दाखवा, ते स्टेजवरचाच निवडतील.

आजोबांना मागच्या रांगेत घ्या आणि पुढच्या कुणाचा तरी खांदा त्यांच्या छातीवर येऊ द्या. त्या खांद्याची हलकी सावली त्यांच्या कोटावर पाडा. जुना फोटो कमी स्पष्ट असतो, म्हणून त्यांचा चेहरा एआयने तीक्ष्ण करायचा मोह होतो. तसं केलं की घरच्यांना ओळखीचा वाटणारा चेहरा हातचा जातो. त्यापेक्षा मागची सगळी रांग किंचित मऊ करा, आजोबांच्या शेजारच्यांचा रंग जरा उतरवा, सगळ्या फोटोवर एकसारखा ग्रेन टाका आणि अल्बमच्या आकाराची एक प्रत छापून घरच्यांना दाखवा. स्क्रीनवर सुटलेल्या गोष्टी कागदावर दिसतात, विशेषतः गळ्याच्या आणि कानामागच्या सावल्या. त्या दुरुस्त केल्या की मोठी फ्रेम छापायला द्या.